मूग गिळून

दर वर्षी ईस्टर होऊन गेला, की आमच्या आळीत दोऱ्यांवर छोटे छोटे पांढरे फ्रॉक वाळत पडतात, आणि माझी जीभ आपोआप खालच्या पुढच्या दाताकडे जाते. हलत नाही ना, हे ती चाचपून बघते. खरं तर हलायला तिथे माझं काही उरलेलं नाही. दुधाचा होता तो तिसरीत पडला, पक्का आला तो गेल्या पावसाळ्यात गेला, आणि आता आहे तो अलिबागच्या डॉक्टरांनी बसवलेला, बाकीच्या दातांपेक्षा पांढरा आणि माझ्यापेक्षा शिस्तीचा. पण जिभेला हे कोण समजावणार? तिच्या लेखी मी अजून तिसरीतच आहे, रविवार चार दिवसांवर आलाय आणि दात लोंबतोय.

फ्रॉकना तांदळाच्या पेजेची खळ देतात. ती उन्हात कडक होते तेव्हा तिला भाताच्या करपलेल्या खरवडीसारखा वास येतो. नेमके ह्याच दिवसांत आमच्या गावात जवळा सुकत असतो. एका दोरीवर फ्रॉक, तिच्याखाली अंथरलेल्या जाळ्यावर जवळा, आणि वारा खाडीवरचा. त्यामुळे पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायला, निघालेली आमच्या गावची प्रत्येक मुलगी लांबून देवदूत दिसते आणि जवळून जवळ्यासारखी वासते. मीही तशीच वासले असणार. कुणी बोललं नाही, कारण सगळेच वासत होते.

यंदा माझ्या शेंडेफळाची, ग्रेसीची पाळी आहे. ती तिसरीत आहे. ओटीवर पाय हलवत बसते, प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणते, मधेच कैरीचा तुकडा मिठात बुडवते, आणि तिला कसलीही भीती वाटत नाही. तिच्या वाटची मीच घाबरते. घरात एकाने तरी घाबरायला हवं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय, आणि ते काम दुसरं कुणी नीट करत नाही.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या पायथ्याला. समोर पाणी ओलांडलं की रेवदंडा. किल्ला बांधणारे पोर्तुगीज कधीचे गेले. जाताना ते चावी, पाव, पगार असले शब्द मराठीत ठेवून गेले, आणि मराठी तेवढ्यावर थांबली. आम्ही थांबलो नाही. आम्ही अख्खी भाषाच ठेवून घेतली. अजून घरात आम्ही ती आमची मोडकी, गोड बोली बोलतो. तिच्यात आईला माय म्हणतात, ते मराठी माणसाला कळतं. बापाला मात्र पाय म्हणतात, आणि तिथे घोटाळा होतो. बापाला अहो-जाहो करायचीही आमच्यात रीत नाही, म्हणून इथेही मी त्याला अरे-तुरेच करणार आहे.

शाळा मराठी. चर्चच्या मागच्या पडवीत ती भरायची. पहिली-दुसरीत पाटी, बाराखडी, उजळणी. तिसरीत भागाकार होता, कुलाबा जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर आमचं गाव नव्हतं आणि माझ्या वर्गातल्या पास्कूने ते शाईने काढलं म्हणून त्याला छडी मिळाली. पण तिसरीतला खरा विषय होता पाप. दुसरीपर्यंत आपण करतो त्या खोड्या. तिसरीत गेलं की त्याच खोड्या पापं होतात. फादरचं म्हणणं असं, की सात वर्षं पुरी झाली की मुलाला अक्कल येते, आणि अक्कल आली की जबाबदारी. माझ्या मायचं माझ्या अकलेबद्दलचं मत वेगळं होतं, पण फादरपुढे कोण बोलणार? तर मी तिसरीत गेले, मला अक्कल आली, आणि त्या दिवसापासून मला झोप लागेना.

शिकवायला होत्या फिलोमिनाबाई. त्या नगरकडच्या, मिशनात वाढलेल्या, नवरा गेल्यावर आमच्या फादरनी बोलावून घेतलेल्या. उंच, सावळ्या, पदर घट्ट खोचलेला. त्यांची मराठी म्हणजे नुसता म्हणींचा आणि वाक्प्रचारांचा पाऊस, आणि आमची पुस्तकातली, घरी न बोललेली. त्या जे बोलत ते आम्ही जसंच्या तसं घ्यायचो. परीक्षेआधी त्या म्हणाल्या, डोळ्यांत तेल घालून अभ्यास करा. दुसऱ्या दिवशी पास्कू लाल डोळ्यांनी आला. त्याने खोबरेल घातलं होतं, दोन्ही डोळ्यांत, आणि त्याला अभ्यासच काय, दारही दिसत नव्हतं. बाईंनी त्याचे डोळे आपल्या पदराने पुसले आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या रडतायत असं आम्हाला वाटलं. आता कळतं, काय करत होत्या ते.

माझंही एकदा झालं. 'माझे वडील' ह्यावर पाच ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, माझा पाय मुंबईला आगबोटीवर असतो. माझा पाय वर्षातून एकदा घरी येतो. बाईंनी ती पाटी फादरना नेऊन दाखवली. फादर गोव्याचे, त्यांना पाय म्हणजे बाप हे बरोबर ठाऊक, त्यामुळे त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. उलट शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाले.

माझा पाय आगबोटीच्या भटारखान्यात होता. शंभर माणसांचा स्वयंपाक करायचा आणि घरी आला की मायच्या हातचं काहीही मुकाट खायचा. त्या वर्षी पत्र आलं, की कोंसूच्या, म्हणजे माझ्या, कम्युनियनला येतो, शनिवारी पोचेन, रविवारी दुपारी निघावं लागेल. त्याला घरी येऊन अकरा महिने झाले होते. एवढ्या एका रात्रीसाठी त्याने म्हणे वरच्या साहेबाला दोनदा विनवलं होतं. हे मायने आळीभर सांगितलं, आणि जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा मी दाताला जीभ लावून बघितली. कारण माझा दात हलायला लागला होता.

दाताची भीती का, ते सांगायला हवं. आज नियम सैल झालेत. तेव्हा असं होतं, की ओस्ती, म्हणजे ती पांढरी पातळ पवित्र भाकर, जिभेवर ठेवली की तिला दात लागता कामा नये. ती आपोआप विरघळू द्यायची. आणि आदल्या मध्यरात्रीपासून पोटात काही म्हणजे काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा. गेला, तर त्या दिवशी कम्युनियन नाही. आणि थेंब गेल्यावरही, कुणाला न सांगता जाऊन ओस्ती घेतली, तर ते खोडीतलं पाप नव्हे. ते मोठं.

बाईंनी आमची तालीम घेतली ती तांदळाच्या पापडाच्या तुकड्यांवर. बाराजणं रांगेत डोळे मिटून, जीभ बाहेर, आणि बाई प्रत्येकाच्या जिभेवर पापड ठेवत जायच्या. चावला तर टपली. माझा तुकडा दर वेळी त्या हलत्या दाताखाली अडकायचा. मी जिभेने ढकलायला गेले की दात कर्रकन हलायचा, आणि तो आवाज मला एवढा मोठा ऐकू यायचा की बाईंना तो ऐकू कसा येत नाही, ह्याचं नवल वाटायचं. शेजारच्या साळूकाकीने, ती कोळीण, दात बघून सांगितलं, दोरा बांध नि दाराला लाव, कळ्ळा पण न्हाय कधी पडला. पण मला तो पडायलाही नको होता आणि राहायलाही नको होता. पडला आणि झोपेत गिळला तर? तर उपास मोडला. दात हे अन्न आहे का, हे बाईंना विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यात बाईंचा तो शब्द. रात्रीपासून काहीही गिळायचं नाही, असं त्या रोज बजावायच्या. काहीही. आणि मराठीत माणसं काय काय गिळतात हे मला बाईंनीच शिकवलं होतं. आवंढा गिळतात. राग गिळतात. पास्कू उत्तर देताना शब्द गिळतो, असं त्या रोज म्हणायच्या. मग मध्यरात्रीनंतर पास्कूने प्रार्थना म्हटली तर त्याचा उपास मोडेल का? मी आवंढा न गिळता किती वेळ राहता येतं ते करून बघितलं. फार वेळ नाही राहता येत. विचार करायला लागलं की तोंडात थुंकी आणखीच जमते. मी परसात जाऊन थुंकून यायची. माय म्हणाली, ह्या पोरीला झालंय तरी काय, सारखी थुंकते.

शनिवारी पाय आला. खाडीच्या पडावातून उतरला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट गळ्यात लटकवलेले आणि डोक्यावर ट्रंक. ट्रंकेत माझ्यासाठी पांढरे बूट होते, मुंबईचे, बंदाचे, आणि एक बोट लहान. अकरा महिन्यांत पोरीचा पाय वाढतो हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मी बोटं आत दुमडून ते घातले आणि छान बसतात म्हणाले. हे खोटं. पण पापांची कबुली मी सकाळीच देऊन आले होते, त्यामुळे हे नवं खोटं कुठे ठेवायचं ते मला कळेना. लागला का पहिला डाग, असं वाटून मी रात्री जेवताना पायाकडे बघितलंच नाही. तो मात्र माझ्याकडेच बघत होता. मधूनच म्हणाला, केवढी झाली.

जेवणं झाल्यावर मायने पाण्याच्या माठावर पाटी पालथी घातली आणि तिच्यावर वरवंटा ठेवला. कम्युनियनचं पोर ज्या घरात असेल त्या घरात असं करायचे, पोर झोपेत उठून पाणी प्यायला नको म्हणून. खुंटीला एक फडकं टांगलेलं होतं. त्यात मूग मोड काढायला बांधले होते, रविवारच्या जेवणाला गोड्या उसळीसाठी. दोन दिवस ते तिथे टांगलेले होते, फडक्यातून पांढरे मोड डोकावत होते, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण बघून गेला होता. पास्कूही.

त्या वर्षीचा उन्हाळा कसा होता ते मला आठवत नाही, तहान आठवते. पहाटे उठले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली आणि तोंडात एक कडू-गोड चव. बोट घालून बघितलं, तर रक्त. दात एका बाजूने सुटून आडवा झाला होता. माय आत फ्रॉकला शेवटची इस्त्री करत होती. तिला सांगितलं असतं तर तिने आधी मला मारलं असतं आणि मग कवटाळलं असतं. मी मागच्या दाराने परसात गेले.

पाय तिथे होता. बोटीवरच्या सवयीने तो सगळ्यांच्या आधी उठायचा. विहिरीच्या काठावर तांब्या घेऊन तोंड धूत होता. मी तोंड उघडून दाखवलं. तो वाकला, बघितलं, घाबरला नाही. त्या माणसाला घाबरताना मी कधी पाहिलं नाही, बहुतेक म्हणूनच ते खातं माझ्याकडे आलं. म्हणाला, चूळ भर आणि थुंक, गिळू नको. आणि तांब्या कलंडला.

पहिली चूळ मी थुंकले. लाल झाली माती. दुसरीही थुंकले. चैत्रात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, खाडी आत शिरते. एरवी आम्ही नाक मुरडायचो. त्या सकाळी ते पाणी गार होतं, आणि माझ्या ओठांपासून टाळ्यापर्यंत सगळं कोरडं होतं. तिसऱ्या चुळीतलं थोडं खाली गेलं. एक घोट. आपोआप गेला असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. घशाचं काही चालत नाही, तो आपला हलतो. पण तो खाली जाताना मला बरं वाटलं होतं, आणि हे आपोआप झालं म्हणता येत नाही.

मी वर बघितलं. पाय माडाच्या शेंड्याकडे बघत होता. किती नारळ धरलेत ते बघत असावा. त्याने पाहिलं नाही, असं मी धरून चालले.

मग पडवीत रांग. मुली एकीकडे, मुलगे एकीकडे, हातात मेणबत्त्या, डोक्यावर झिरमिळीत ओढण्या. बूट चावत होते, पण तोंडाशी तुलना करता ते काहीच नव्हतं. चर्चपर्यंत येताना वाटेत कुठेतरी दात सुटला होता. तो जिभेखाली होता. थुंकावा तर पांढऱ्या फ्रॉकवर रक्त, आणि सगळे विचारणार, आणि एकदा विचारायला लागले की पाण्यापर्यंत येणार. म्हणून मी ओठ मिटून घेतले.

बाई शेवटची उजळणी घेत होत्या. माझ्यापुढे आल्या. म्हणाल्या, हा संस्कार घ्यायला जाण्याआधी काय हवं?

उत्तर मला झोपेतून उठवलं तरी येत होतं. निर्मळ मन आणि मध्यरात्रीपासून उपास. नेमका हाच प्रश्न त्या मला का विचारतायत? त्यांना कळलंय, असंच मला वाटलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. मेणबत्तीचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला.

"काय गं कोंसू," बाई म्हणाल्या, "मूग गिळून बसलीस का?"

पुढे ओढणी सुटलेल्या एका मुलीकडे त्या वळल्यासुद्धा. त्यांच्या दृष्टीने ते तेवढंच होतं. पण बाराजणांच्या रांगेतल्या मेणबत्त्या हलल्या. अकरा डोकी माझ्याकडे वळली. आमच्यापैकी एकालाही तो वाक्प्रचार ठाऊक नव्हता. बाईंनी तो तोवर शिकवलेलाच नव्हता. आम्हाला एवढंच ऐकू आलं, की कोंसूने मूग गिळलेत, आणि ते बाईंना कळलंय.

पास्कूने मेणबत्ती शेजारच्याच्या हातात दिली आणि तो पळाला. दुष्टपणाने नाही, मला आजही त्याचा राग नाही. आपल्या डोळ्यांदेखत एक मुलगी मोठ्या पापात पाय ठेवतेय, आणि आपल्याला अक्कल आलेली आहे, तर तिला वाचवायला हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो थेट आत फादरकडे गेला. कोंसूने मूग गिळले, मी त्यांच्या घरी बघितलेत, फडक्यात आहेत, असं त्याने सांगितलं.

फादर झगा घालून बाहेर आले. म्हातारे, जाडे, कपाळावर घाम. गोव्याचे असल्यामुळे मूग म्हणजे त्यांच्याही लेखी मूगच. ते गंभीर होऊन माझ्यासमोर वाकले.

"कितले?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते म्हणाले, एक असो की मूठभर असो, खरं सांग. दारात माणसं जमली होती. माय होती, तिच्या हातात माझ्यासाठी आणलेलं फूल होतं. तिच्यामागे पाय उभा होता, मुंबईचा कोट घातलेला, हात छातीशी धरलेले. अकरा महिन्यांनी आलेला. दुपारी जाणारा. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला एवढंच कळलं, की आज मला ह्या दारातून घरी पाठवलं तर तो ते विसरणार नाही, आणि पाठवलं नाही तर देव विसरणार नाही.

बाई धावत आल्या. काय झालं ते त्यांना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. फादर, म्हणाल्या, ते मी आपलं बोलण्यात बोलले. आमच्याकडे कुणी गप्प बसलं की तसं म्हणतात. मूग नाहीत खरे.

फादर ऐकून घेत होते पण त्यांची खात्री पटली नव्हती. मूग नाहीत, तर मूग कशाला म्हणायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं. मी उघडलं. जीभ उचलली. त्यांनी बोट घातलं आणि काढून आपल्या तळहातावर ठेवला, इवलासा, पांढरा, टोकाला लाल. मोड आलेल्या मुगाएवढाच होता.

आधी फादर हसले, मग बाई, मग सगळे. मायने फुलासकट हात कपाळाला लावला. कुणीतरी विचारलं, रक्त पोटात गेलं असेल, त्याचं काय? फादर म्हणाले, "घरचें घरांत गेलें." म्हणजे तिचंच तिच्यात गेलं, उपास शाबूत. त्यांनी दात बाईंच्या हातात दिला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आत गेले.

मी वाट बघत होते. मूग विचारले, दात बघितला, रक्ताचा निकाल लागला, आता ते पाण्याचं विचारणार. कुणी विचारलं नाही. घंटा वाजली, रांग हलली, आणि मी तिच्याबरोबर हलले. बाईंच्या वाक्प्रचाराचा अर्थ मला त्या दहा पावलांत कळला. त्यात मूग लागत नाहीत.

ओस्तीला माझा दात लागला नाही. लागायला होता कुठे? ती त्या रिकाम्या जागेत एक क्षण टेकली आणि विरघळली. तिला काही चव नव्हती. तोंडात होती ती मचूळ पाण्याची.

दुपारी पाय गेला. वारा सुटला होता, पडाव एका अंगाला कलला होता आणि तो ट्रंकेवर बसून हात हलवत होता. पाप केलेल्या माणसामुळे बोट वादळात सापडते, अशी एक गोष्ट बाईंनी आम्हाला शिकवली होती. त्यात त्या माणसाला समुद्रात टाकतात तेव्हा कुठे वादळ थांबतं. पण इथे पाप केलेली काठावर होती आणि बोटीत दुसराच. देव एवढा हिशेब नीट बघेल ना? मी पलीकडे पडाव लागेपर्यंत उभी राहिले. मग आगबोटीची काळजी. मग त्याच्या पुढच्या बोटीची. पत्र एकोणीस दिवसांनी आलं, त्यात बूट कसे आहेत असं विचारलं होतं. त्या एकोणीस दिवसांत मी एकही खोडी केली नाही, मायला वाटलं कम्युनियनने पोर सुधारली.

दर शनिवारी मी कबुलीला जायची आणि इतर सगळं सांगायची. भांडण सांगायची, खोटं सांगायची, बुटांचंसुद्धा सांगितलं. घोट राहायचा. एकदा राहिला की पुढच्या वेळी दोन सांगावे लागतात, घोट आणि तो न सांगणं. मग तीन. मोठी झाले, लग्न झालं, चार मुलं झाली, आणि मधे केव्हातरी मला समजलं, की आठ वर्षांच्या पोरीच्या घशातून गेलेल्या चुळीला कुणी शहाणा माणूस पाप म्हणणार नाही. एवढं समजल्यावर सांगायची आणखीच लाज वाटायला लागली. पाय पुढे वीस वर्षं समुद्रावर होता. तो निघाला की मी त्या दाताला जीभ लावून बसायची. दर वेळी तो परत आला. दर वेळी मला वाटलं, ह्या वेळी देवाने सोडलं.

आज सकाळची गोष्ट. चर्चला तालमीला निघायच्या आधी ग्रेसी माठाकडे गेली, पेला बुडवला आणि माझ्यादेखत गटागटा प्यायली. रविवार नाही, तालीमच आहे, आणि रविवार असता तरी काय. आता पाण्याने उपास मोडत नाही, हे मला फादरनी, बिशपने आणि पोपने वेगवेगळं सांगून झालंय. तरी माझा हात गेला आणि मी तिचा पेला हिसकावला. पाणी तिच्या अंगावर सांडलं.

ती चिडली. म्हणाली, मम्मी, पाणी चालतं, तुला किती वेळा सांगायचं. खरं होतं. मी रिकामा पेला माठावर पालथा ठेवला.

पाय ओटीवर बसला होता. आता पंचाहत्तरीला आलाय. तोंडात एकही दात नाही, त्यामुळे सगळ्यांना तो हसतोय असंच वाटतं. कोकमं फोडून बिया काढत होता.

"पिऊ दे तिला," तो म्हणाला. "तुझा नव्हता का गेला एक घोट?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्याने कोकमावरून मान वर केली नाही. विहिरीवर, म्हणाला. तिसऱ्या चुळीला. तुझा घसा हलला.

मी विचारलं, तू बघितलंस? बघितलं म्हणाला. मग बोलला का नाहीस? कोकमाचा लाल रस मनगटापर्यंत आला होता, तो त्याने पंचाला पुसला. तुला वाटत होतं मी बघितलं नाही, म्हणाला, म्हटलं वाटू दे. मायने केवढी इस्त्री केली होती.

आणि मग त्याने सांगितलं, सहज, बाजारातलं काही सांगावं तसं. मुंबईला पोचल्यावर पहिल्याच शनिवारी तो गोदीजवळच्या चर्चमध्ये कबुलीच्या रांगेत उभा राहिला. आत कुणी परदेशी फादर होते, त्यांना त्याचं बोलणं कळेना. दोनदा सांगावं लागलं. पोरीच्या कम्युनियनच्या सकाळी पोरीला पाणी पाजलं, असं सांगितलं.

"तू नाही पाजलंस," मी म्हणाले. "मी गिळलं."

"तांब्या माझ्या हातात होता," पाय म्हणाला.

अख्खी रोझरी, म्हणजे पुरी जपमाळ, घातली म्हणे फादरनी प्रायश्चित्त म्हणून. ती त्याने भटारखान्यात कांदे सोलता सोलता म्हटली. मोठा साहेब म्हणाला, रडतोस काय, तर ह्याने सांगितलं, कांदे. झालं, तेव्हाच फिटलं ते. त्याने दुसरं कोकम उचललं.

चौतीस वर्षं. मला रागही आला, खोटं कशाला सांगू? माझी अख्खी भीती दुसऱ्याने पहिल्याच आठवड्यात जाऊन मिटवून टाकावी आणि मला कळवूही नये? मी म्हणाले, निदान पत्रात लिहायचं. तो म्हणाला, बूट विचारले होते ना पत्रात. तू उत्तरात लिहिलंस, छान बसतात. तेव्हा मला समजलं, तू काही सांगणाऱ्यातली नाहीस. मग मीही नाही सांगितलं. ते बूट लहान होते, तेही त्याला ठाऊक होतं.

ग्रेसी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. कसलं पाणी, कुठले बूट, कुणी गिळलं, तिला काही कळेना. आम्ही सांगेना. शेवटी ती कमरेवर हात ठेवून, शाळेतल्या नव्या बाईंचं ऐकून आली असेल, अगदी चोख मराठीत म्हणाली, "दोघंही मूग गिळून काय बसलात?"

पाय हसला. हसला की नुसतंच तोंड उघडलं, ते त्याच्या बाबतीत आता सांगता येत नाही.

ग्रेसी पेला पुन्हा भरून घेऊन आली. तिला नको होता, मलाच दिला. बाहेर दोरीवर तिचा फ्रॉक कडक होत आला होता आणि वाऱ्यावर जवळ्याचा वास होता. माझी जीभ दाताकडे गेली. अलिबागचा दात, जागचा हलला नाही. मी पेला तोंडाला लावला. यंदाही पाणी मचूळ आहे. घोट खाली जाताना मला ऐकू आला.

वर बघितलं, तर पाय माडाच्या शेंड्याकडे बघत होता. त्या माडाला गेली चार वर्षं नारळ धरत नाही.